कवडीच्या गळ्याखाली

रात्रपाळी उतरून घरी आलो, सायकल भिंतीला टेकवली आणि परसात गेलो, तर कवडी कोपऱ्यात पिसं फुगवून उभी. तिला काय झालंय ते बघावं म्हणून उचलली. एवढंच. दुसरं काहीही माझ्या मनात नव्हतं, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. पण माझा डावा हात खाली गेला तो आपल्या वाटेनं गेला. दोन्ही पंख पाठीवर एकात एक अडकवले, पाय करंगळीच्या बेचक्यात धरले, आणि अंगठा आपोआप डोक्यामागं जाऊन मान मागं ताणून बसला. गळ्यावरची पिसं दुभंगली, खालची गुलाबी कातडी दिसली, तेव्हा मला कळलं की मी कवडीला कापायला धरलंय. मी अजून तोंडही धुतलं नव्हतं. फरीदा, माझी बायको, मोरीच्या कडेला भांडी घासत होती. तिनं राखेचा हात तसाच वर धरला आणि म्हणाली, "ठेवा तिला खाली." म्हणालो, "बघतोय गं काय झालंय." ती म्हणाली, "बघा की. पर खाली ठिवून बघा."

ठेवली. कवडी म्हणजे पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांची कोंबडी, फरीदानं लग्नानंतर शिरूरहून एसटीतनं मांडीवरच्या दुरडीत घालून आणलेली. कंडक्टरनं कोंबडीचं तिकीट मागितलं तर ही बया त्याच्याशी घोडनदीपासून भीमेच्या पुलापर्यंत भांडत आली होती. आता ती कवडी भिंतीकडं तोंड करून उभी होती. बाकीच्या दोन कोंबड्या दाणे टिपत होत्या, हिचं लक्ष नव्हतं. डोळ्यावर खालून वर पातळ पापणी चढायची, अर्ध्यावर थांबायची, पुन्हा उतरायची. मधेच मान लांब करायची, एका बाजूला पिळायची, चोच वासायची आणि काहीच न झाल्यासारखी पुन्हा आखडून घ्यायची. काल संध्याकाळी धडधाकट होती, फरीदा म्हणाली, खुराड्यात जाताना माझ्या पायावर टोच मारून गेली. तिचा आवाज कोरडा होता. मी चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं, चहा प्यालो, आणि सगळा वेळ माझा डावा हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. चहा झाल्यावर ते माझ्या लक्षात आलं. हसू यायला हवं होतं, ते काही आलं नाही.

खुटबावचे आम्ही मुलाणी. गावात कुणाकडं पाहुणा आला, कुणाचा नवस फिटला, जत्रा भरली, की बोलावणं आमच्या दारात. पाटलाचं घर असो की माळ्याचं, बकरं-कोंबडं आमच्या हातचंच खाणार. दुसऱ्या कुणी मान मोडली तर ते ताटाला शिवायचे नाहीत. माझे वडील अल्लाबक्ष, त्यांचे वडील, त्यांच्याही मागचे, सगळे ह्याच कामातले. त्यात लाज कसली? मला कधी लाज वाटली नाही. लोकांना वाटतं, सिद्दीकला दया आली म्हणून तो गाव सोडून दौंडला पार्सल हापिसात बोजे उतरवायला आला. दयाबिया काही नाही. शाळेत नाव घालायच्या आधी अब्बांनी माझ्या हातात कोंबडी दिली होती आणि अंगठा कुठं ठेवायचा ते दाखवलं होतं, तेव्हापासून हात शिकत गेला आणि मी मागं राहत गेलो. पुढं पुढं असं व्हायला लागलं की एखाद्याच्या घरी बसलोय, गप्पा चालल्यात, पोरांनी कोंबडी आणून दिली, आणि गप्पा न थांबवता ती कापूनही झाली. मी बोलत होतो त्या वाक्याचा शेवटसुद्धा चुकला नव्हता. त्या दिवशी घरी येताना मला ते कळलं. हाताला माझी गरजच नव्हती. त्यानंतर वर्षभरात मी दौंडला आलो, आणि इथं गाड्या, वाफ, कोळशाची राख, बारामतीच्या छोट्या गाडीची शिटी, ह्यात माझा हात पोती उचलायला लागला. पोती उचलताना हाताला सारखं सांगावं लागतं, जपून, खाली खिळा आहे, तिकडून धर. ते मला बरं वाटायचं.

फरीदाचे वडील शिरूरला शिंपीकाम करतात. लग्न ठरवताना ते हसत हसत म्हणाले होते, आमची पोरगी कोंबड्या पाळणारी, तुम्ही कापणारे, जोडा जमायचा कसा? सगळे हसले. पडद्याआड ती हसली नाही, हे तिनं मला नंतर सांगितलं. लग्नाच्या आठव्या-दहाव्या दिवशी म्हणाली, ह्या घरात सुरी येणार न्हाई असं म्हणा. मी म्हटलं. शब्द दिला. आमच्या घरात कांदासुद्धा विळीवर चिरला जातो. ती काही माळकरीण नाही हो, बाजारचं मटण आवडीनं खाते. म्हणते, ओळखीचं नसलं म्हंजी झालं. पण घरातल्या कोंबडीला माझा हात लागायचा नाही. आणि मी, शहाणा, पाळीवरून येतो आणि पहिल्यांदा काय करतो तर कवडीची मान ताणतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही.

एवढ्यात सिंधूबाईंचं डोकं भिंतीवर आलं. शेजारच्या क्वार्टरातल्या, नवरा गँगमन, बाई मनानं चांगली पण तोंडाला खीळ नाही. "मानमोडी हाय ती," त्या म्हणाल्या. "माज्या म्हायेरी, निमोण्याला, खुराडीच्या खुराडी बसली हिनं. सकाळी मान वाकडी, सांजच्याला खलास. सिद्दीकभाऊ, जीव हाय तवर कापून मोकळे व्हा. ती बी सुटंल, चार घास तुमच्या पोटात जातील, आन् माज्या कोंबड्या वाचतील." फरीदा म्हणाली, "कापायची न्हाई." सिंधूबाई म्हणाल्या, "मग मरंल गं बाई. मेल्यावर तुमच्यात चालती व्हय?"

चालत नाही. तेच तर. आपणहून जीव गेला की ते मुरदार, उकिरड्यावर टाकायचं. जीव जायच्या आत सुरी फिरली तर हलाल. त्यामुळं आमच्या घरात आजारी जनावर म्हणजे एक शर्यतच असायची. अब्बा गोठ्याशी उकिडवे बसून शेळीच्या बरगड्यांकडं बघत राहायचे, आई चुलीपुढनं विचारायची, काय म्हणतीय, आणि अब्बा म्हणायचे, अजून हाय. तिनं बरं व्हावं म्हणून कुणी बसलेलं नसायचं. वेळ चुकू नये म्हणून बसलेले असायचे. आता माझ्या अंगातही ते सुरू झालं होतं. मी कवडीकडं बघत होतो आणि माझ्या आत कुणीतरी मोजत होतं, अजून हाय, अजून हाय. फरीदाला हे कळत असेल का ह्या भीतीनं मी तिच्याकडं बघेना. कवडी मेली तर फरीदा रडेल, दोन वेळा जेवणार नाही, तेवढं मला सोसलं असतं. पण ती तोंडानं न बोलता मनात धरील की ह्यांनी तिला सकाळी तसं धरलं आणि ती गेली. आणि कापली तर मग संपलंच, शब्दही गेला आणि मीही गेलो तिच्या लेखी. मला ती कोंबडी जगायला हवी होती. फरीदासाठी हवी होती हे खरं, पण त्याहून जास्त मला स्वतःला हवी होती. माझ्या ह्या हातातनं एक तरी कोंबडी जिवंत खाली उतरावी, असं मला त्या सकाळी फार वाटलं.

सायकल काढली आणि जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर पाटसच्या बाजूला लस टोचायला गेलेले. कंपौंडर हौसराव भला माणूस, त्यानं टेबल पुसता पुसता नीट सांगितलं, मानमोडी असेल तर हिरवं हगेल, छातीत घरघर वाजेल, मान पिळत जाईल, पाय लुळे पडतील. त्याला औषध नाही, बाकीच्या वेगळ्या ठेवा. आणि दुसरं काही असेल तर? मी विचारलं. दुसरं शंभर असू शकतं, तो म्हणाला, डॉक्टर उद्या येतील, उद्या आणा. उद्या. मी उन्हातनं परत निघालो. चैत्राचं ऊन, पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या सालचं. वाटेत लोको शेडपाशी एक इंजिन वाफ सोडत उभं होतं, आणि मला एकदम कवडीच्या वासलेल्या चोचीची आठवण झाली. घरघर नव्हती. सकाळी मी तिला हातात धरली होती, घरघर असती तर हाताला लागली असती. मान पिळत होती, पण पिळून तिथंच राहत नव्हती; काहीतरी खाली ढकलायला बघितल्यासारखी पिळत होती. घशात घास अडकला की माणूस करतो तसं. मी पायडल जोरात मारलं.

फरीदानं तिला दुरडीखाली वेगळी झाकली होती. म्हणालो, "तू धर. मी धरत न्हाई. तू धर आन् मी नुसतं चाचपतो." तिनं कवडीला कुशीत घेतलं. मी दोन बोटं गळ्याखाली नेली, मान संपून छाती सुरू होते तिथं उजवीकडं. कोंबडीनं टिपलेलं सगळं आधी तिथल्या पिशवीत उतरतं आणि मग भिजून खाली पोटात जातं. ती पिशवी मी हजारदा उघडलीय. लहानपणी मी आणि माझा भाऊ इमाम पैजा मारायचो, आत ज्वारी निघणार की बाजरी, की मुंगळे, की एखादं बटण. रिकामी असली तर फुग्याच्या रबरासारखी लागते, भरली तर दाण्यांची थैली. कवडीची घट्ट गोळा झाली होती, लिंबाएवढी. दाबली तर दबेना. तिनं त्रासून चोच वासली आणि आंबट वास आला. "मानमोडी न्हाई," मी आनंदानं म्हणालो. "तुंबलीय. काहीतरी गिळलंय आन् ते अडकलंय." फरीदानं विचारलं, "कशावरून?" आता काय सांगणार कशावरून. म्हणालो, "मला माहीत हाय." ती माझ्या बोटांकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, "मग काढा की."

काढा की म्हणायला काय जातंय. गोडंतेल कोमट करून चमच्यानं घशात सोडलं. मग मी बोटांनी तो गोळा वरून खाली, खालून वर चोळत बसलो. फरीदानं तिला जरा उलटी केली तर आंबट पाणी आलं, गोळा जागचा हलला नाही. पुन्हा तेल, पुन्हा चोळणं. सिंधूबाई भिंतीवरनं दोनदा डोकावून गेल्या. दुसऱ्यांदा लसणाची कुडी टाकली, म्हणाल्या, ठेचून घाला, काय झालं तर झालं. बाई बोलते पण देतेही. ऊन परसातनं सरकत घेवड्याच्या मांडवाखाली गेलं. मला झोप नव्हती, भूक नव्हती, कुणाशी धड बोलावंसं वाटत नव्हतं. चोळता चोळता मधेच बोटं थबकायची आणि आतला तो मोजणारा म्हणायचा, अजून हाय. दुपार कलली तसा कवडीचा तुरा काळपट व्हायला लागला. हा रंग मी ओळखतो. हा रंग आला की अब्बा उठून उभे राहायचे.

आणि अब्बाच दारात आले. खरंच. खुटबावहून दुपारच्या पॅसेंजरनं, अंगात धुतलेला सदरा, काखेत कापडी पिशवी. मी त्यांना बोलावलं नव्हतं. ते का आले असतील ते मला ठाऊक होतं, जत्रा जवळ आली होती, मला बोलवायला. फरीदानं पदर घेतला, पाणी दिलं, आणि तिची नजर त्या पिशवीवर गेली ती तिथनं हलेना. अब्बा कुठंही जाताना सुरी घरी ठेवत नाहीत, फडक्यात गुंडाळून बरोबर. त्यांनी कवडीकडं बघितलं, उकिडवे बसले, एक बोट गळ्याखाली लावलं. "तुंबलीय," म्हणाले.

"व्हय. तेल पाजलं, चोळलं. हलंना."

"न्हाईच हलायची. दिवस मावळायच्या आत जाती ही." त्यांनी माझ्याकडं वर बघितलं. "सिद्दीक, जीव हाय तवर हलाल कर. मुरदार करून टाकू नगंस. तिचा बी तळतळाट, आन् आपल्या दारात शोभत न्हाई."

फरीदा पदराचं टोक मुठीत धरून उभी होती, एवढंच. मी म्हणालो, "अब्बा, पिशवी उघडली तर?"

"कुणाची?"

"हिचीच. जितीपणी. वरची कातडी, मग पिशवी, दोन बोटं चीर. आत काय अडकलंय ते काढायचं आन् शिवून टाकायचं. तिथं मोठी शीर न्हाई, रगत जास्त येत न्हाई. तुमाला ठावं हाय."

"आपल्या घरात," अब्बा म्हणाले, "कोंबडी शिवल्याचं मी ऐकलं न्हाई." मग पिशवीत हात घालून त्यांनी फडकं काढलं. "घे. करायचंच तर हिनं कर. ब्लेडनं कातडी वाकडी जाती." फरीदा पुढं झाली. सासऱ्यासमोर ती कधी मान वर करून बोलत नाही. म्हणाली, "मामा, ती नगं." अब्बांनी फडकं पुन्हा गुंडाळलं, आणि गुंडाळताना मी त्यांचा हात पाहिला. थरथरत होता. चहाची बशी वाजावी असा. त्यांनी माझी नजर पकडली आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "गेल्या जत्रेला एक बोकड एका वारात पडलं न्हाई. दुसऱ्यांदा सुरी लावावी लागली. तवर ते माझ्याकडं बघत हुतं. तात्याबा पाटलानं पाठ फिरवली, बोललं कुणी न्हाई." मी दाढीचं नवं पातं काढलं आणि पाणी उकळायला ठेवलं.

फरीदानं जुनं धुतलेलं लुगडं परसातल्या दगडावर पसरलं, कवडीला त्यात लपेटलं आणि मांडीवर उताणं निजवलं. गळ्याखालची पिसं मी हळूहळू उपटली. कातडी दिसली, पातळ, तिच्याखाली तो गोळा. कवडी धडपडली नाही, त्याचंच मला भय वाटलं. मी पातं धरलं. उजवा हात अगदी स्थिर होता, कधी नव्हता एवढा, आणि त्या स्थिरपणाची मला किळस आली. कारण तो माझा नव्हता. पातं कातडीला टेकलं आणि माझ्या तोंडातनं आलं, "बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर."

फरीदानं कवडीला ओढून छातीशी घेतलं. अशी ओढली की पातं माझ्या बोटाला लागलं. "तुमी त्ये म्हणालात," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. आमच्यात कुठलंही काम सुरू करताना बिस्मिल्ला म्हणतात, जेवताना, दार उघडताना, आजाऱ्याला औषध देताना, आणि ते पुरं म्हणतात, अल्लाच्या नावानं, जो रहमान आहे, जो रहीम आहे, दयेचा धनी. फक्त सुरी फिरवताना ते पुढचं म्हणायचं नसतं. अब्बांनी अंगठा शिकवला त्याच दिवशी हे शिकवलं होतं. मान कापताना दयेचं नाव घ्यायचं नाही, ते बरं दिसत नाही. अल्लाहु अकबर म्हणायचं आणि एका वारात मोकळं करायचं. धारेचं हत्यार हातात असताना माझ्या जिभेनं जन्मात दुसरं काही म्हटलेलं नव्हतं. "सवयीनं गं," मी म्हणालो. "तोंडातनं गेलं. माझ्या मनात न्हाई." ती म्हणाली, "तुमच्या मनात सकाळी बी नव्हतं." हे मला जे लागलं ते बोटाच्या कापण्यापेक्षा खोल लागलं. खरंच होतं. मी पातं खाली ठेवलं. म्हणालो, "अब्बा, माझ्याच्यानं हुयाचं न्हाई. माझा हात फिरंल. मी तिथं असंन आन् हात आपला तिसरीकडंच फिरंल."

अब्बा बाजेवर बसले होते. उठले, जवळ येऊन उकिडवे बसले. "पोरी, हितं बघ," ते फरीदाला म्हणाले. "वार झाला न्हाई तवर नुसत्या बोलण्यानं काय हुत न्हाई. ती अजून तुझीच हाय. ठेव तिला मांडीवर." मग माझ्याकडं वळले. "पुढचं म्हण."

"काय?"

"रहमान-रहीम म्हण. हितं म्हणायचं."

मला ते शब्द येत होते, रोज येतात. पण पातं हातात घेतलं की जीभ अल्लाहु अकबरकडंच वळायची. दोनदा सुरू केलं आणि दोनदा थांबलो. घाम डोळ्यात उतरला. अब्बा म्हणाले, "सावकास." मग ते स्वतःच म्हणायला लागले, एक एक शब्द सुटा करून, पोराला पाढा म्हणून दाखवावा तसा, आणि मी त्यांच्या मागनं म्हणालो. बिस्मिल्ला-हिर्रहमा-निर्रहीम. आणि चीर दिली. ह्यावेळी मी तिथं होतो. पात्याखालची कातडी कुठं दबली, कुठं सुटली, ते सगळं मला कळत होतं. हाताला आता सारखं सांगावं लागत होतं, हळू, इथंच थांब, आता खालची पिशवी, आणखी जरासं. एवढी भीती मला कधी वाटली नव्हती, आणि ती माझी होती म्हणून मला ती सोडवत नव्हती.

आतनं सुतळी निघाली. पार्सल हापिसातली, बोज्यांवरनं कापलेली, घेवड्याच्या मांडवाला बांधायला मीच आणलेली. तिचा पीळ सुटून तंतू तंतू झाले होते आणि त्यात दाणे, गवत, खडे गुरफटून गच्च गोळा. आंबट घाण वास. चिमटीत धरून ओढत गेलो, ओढत गेलो, शेवटचं टोक खाली पोटाकडं गेलेलं, ते ओढताना कवडी पहिल्यांदा ओरडली आणि फरीदानं डोळे मिटले. मीठ घातलेल्या कोमट पाण्यानं आतनं धुतलं. "आता शिव," मी म्हणालो. तिनं डोळे उघडले. शिंप्याची पोरगी. तिनं बारीक सुई उकळत्या पाण्यातनं काढली, पांढरा दोरा ओवला, कवडीला माझ्या मांडीवर दिलं, आणि टाका घालायला वाकली. म्हणालो, "दोन्ही कातड्या एकात धरू नगंस. आतली येगळी, वरची येगळी." तिनं "कळलं" म्हटलं. आतले टाके तिनं असे घातले की दिसेनात. वरचे घातले, गाठ मारली, दोरा दातानं तोडला, आणि तिच्या हनुवटीला रक्ताचा एक ठिपका लागला तो तिला कळलाही नाही. वर हळद दाबली.

मग काही नाही. करण्यासारखं काही उरलंच नाही, आणि तेच सगळ्यात जड गेलं. कवडी दुरडीत एका कुशीवर पडून होती. पापणी चढलेली, श्वास इतका बारीक की मधेच वाटायचं, गेली. मी उठायचो, पुन्हा बसायचो, हात धुवायचो, पुन्हा धुवायचो. मधेच मनात यायचं, कापली असती तर एव्हाना सुटली असती, आपण हिला उगीच लांबवलं. असं वाटलं की स्वतःचा राग यायचा आणि राग आला की फरीदावर खेकसावंसं वाटायचं. फरीदा दुरडीशी बसली होती, हलत नव्हती. सांजेची पुण्याची पॅसेंजर यायची वेळ झाली. घंटा ऐकू आली. मी म्हणालो, "अब्बा, गाडी." ते उठले नाहीत. पिशवी पायाशी ठेवून दुरडीकडं बघत होते. गाडी आली, थांबली, शिटी देऊन गेली.

"गेली तुमची गाडी," मी म्हणालो.

"जाऊ दे," अब्बा म्हणाले. "कोंबडी मरायला किती येळ लागतो ते मला ठावं हाय. जगायला किती लागतो ते कवा बघितलं न्हाई."

फरीदानं वाटीत कोमट पाणी आणून दुरडीत ठेवलं. उन्हं भिंतीवरनं वर निघून गेली, सिंधूबाईंच्या चुलीचा धूर आमच्या परसात उतरला. कवडीनं पापणी खाली केली. वाटीकडं बघितलं. मान जरा पुढं केली आणि चोच पाण्यात बुडवली, आणि कोंबड्या करतात तशी चोच आभाळाकडं केली. आम्ही तिघंही त्या टाक्यांवर डोळे लावून बसलो. पाणी उतरलं. टाके कोरडे राहिले. तिनं पुन्हा चोच बुडवली. अब्बांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ तोंडावरनं उपरणं काढलंच नाही, त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. माझ्या हातातही तो थरथरतच होता, थांबेना.

"जत्रेला मी येतो," मी म्हणालो. हे मी म्हणणार आहे हे मला म्हणेपर्यंत माहीत नव्हतं. "ह्या हातानं तुमी आता सुरी धरायची न्हाई. जनावराचे हाल हुत्यात. मी येतो, अब्बा."

बोलून झालं आणि मला फरीदाची आठवण झाली. तिच्याकडं बघायचं धैर्य होईना. ती दुरडीतली वाटी सरळ करत होती. तिनं वाटी ठेवली, कवडीच्या पाठीवरनं दोन बोटं फिरवली.

"जावा," ती म्हणाली. "पर आल्यावर आधी हात धुवा, मग हिला उचला."